मडक्याच्या आत मीठ, मडक्याबाहेर लाकूड : पोपटी, चिरनेर आणि १९३०

'मला खाद्यसंस्कृतीवर काम करायचंय' असं सांगणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला गाईड पुढचा प्रश्न हमखास विचारतात : बरं, पण प्रश्न काय आहे? इथे बहुतेकांची गाडी अडते. पदार्थ आवडतो, त्याच्या आठवणी आहेत, फोटो आहेत, पण प्रश्न नाही. या पोस्टमध्ये मी एकच पदार्थ घेणार आहे, रायगडची पोपटी, आणि तिच्यातून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो ते दाखवणार आहे. वाटेत अमेरिकेतलं मॅकरोनी चीजही येईल. ते का, हे पुढे कळेलच.

ज्यांनी पोपटी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी कृती. भातकापणी झाली की पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यातल्या शेतांत जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. डिसेंबर संपता संपता शेंगा भरायला लागतात. याच सुमारास बांधावर आणि पडीक जागेत भांबुर्डी नावाचं उग्र वासाचं तण उगवतं. मातीच्या मडक्याच्या तळाशी या भांबुर्डीचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या अख्ख्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधेमधे बटाटे, रताळी, कोनफळ आणि अंडी. हल्ली मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडीही असतेच. वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचं. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मग मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं, भोवती पेंढा, सुकलेल्या काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि जाळ करायचा. अर्धा-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्र आवाज करून पाणी लगेच उडून गेलं की पोपटी झाली.

मडकं उलटं का ठेवतात, हा प्रश्न पोपटी खाणारे सहसा विचारत नाहीत. संशोधकाने विचारावा. उलटं ठेवल्यामुळे जाळ मडक्याच्या बुडाला आणि कडांना लागतो, आणि पाल्याचं बूच जमिनीकडे राहून जळण्यापासून वाचतं. राख आत जात नाही. शेंगांचं स्वतःचं पाणी वाफ होऊन आतच फिरतं. म्हणजे पोपटी ही भाजणं आणि उकडणं यांच्या मधली गोष्ट आहे. जिला आपण 'धुराची चव' म्हणतो, तिच्यात बाहेरच्या धुराचा वाटा थोडा आणि तापलेल्या भांबुर्डीच्या तेलकट वासाचा वाटा मोठा, असं माझं मत आहे. भांबुर्डीऐवजी दुसरा पाला घालून केलेली पोपटी लोक पोपटी मानायला तयार नसतात, यावरूनही तेच दिसतं.

आता मॅकरोनी चीज. अमेरिकेच्या दक्षिणेत बार्बेक्यूबरोबर जी तोंडीलावणी येतात त्यांत हे एक. उकडलेली मॅकरोनी आणि चीजचा सॉस ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये घालून, मांस मुरत असलेल्या धुराच्या भट्टीतच, साधारण १०७ अंश सेल्सिअसला तासभर ठेवतात. इथे मात्र ट्रे उघडा असतो आणि धूर खरोखरच आत जातो. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारखी फिनॉलं तयार होतात, ती स्निग्ध पदार्थात चांगली विरघळतात, म्हणून चीज धूर धरतं. आपल्याकडे वाटीत निखारा ठेवून, त्यावर तूप सोडून भाजीला धुंगार देतात, तिथेही हेच घडतं. तुपाशिवाय नुसत्या कोळशाचा धुंगार देऊन बघा, फरक लगेच कळेल.

पण आपण इतिहासाचे विद्यार्थी. आपल्याला रसायनापेक्षा पंगतीतली जागा जास्त महत्त्वाची. मॅकरोनी चीज आज बार्बेक्यूच्या ताटात कडेला बसतं, पण १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या टेबलावर मॅकरोनीचा पदार्थ आल्याची नोंद एका पाहुण्याच्या डायरीत आहे. त्या काळात ती श्रीमंतांची, परदेशी थाटाची वस्तू. तिथे ती कोणाच्या हातून पोचली असं विचारलं की जेम्स हेमिंग्ज हे नाव येतं. जेफरसन यांचा हा गुलाम १७८४ मध्ये त्यांच्याबरोबर पॅरिसला गेला, तिथे फ्रेंच स्वयंपाक शिकला, १७९६ मध्ये मुक्त झाला आणि १८०१ मध्ये वारला. १८२४ मध्ये मेरी रँडॉल्फ यांच्या 'द व्हर्जिनिया हाउसवाइफ' या पुस्तकात मॅकरोनीची कृती छापली गेली, तेव्हा घराघरांतल्या चुलीपाशी उभे असलेले हात बहुतेक गुलामांचेच होते. पुढे १९३७ मध्ये मंदीच्या काळात क्राफ्ट कंपनीने डब्यातली मॅकरोनी स्वस्तात विकायला काढली आणि पदार्थ सर्वांचा झाला. एड्रियन मिलर यांनी 'सोल फूड' (२०१३) या पुस्तकात या पदार्थावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. ते वाचाच. कारण तिथे पदार्थाची चव हा विषयच नाही. कोणी शिजवलं, कोणाच्या नावावर गेलं आणि मधल्या ताटातून कडेला कधी सरकलं, हे प्रश्न आहेत.

हेच प्रश्न पोपटीला लावून बघू.

पहिला : पोपटीत मुख्य काय आणि तोंडी लावायला काय? आज कुणालाही विचारा, 'चिकन पोपटी' असं उत्तर येतं. शेंगा सोलत बसणारे कमी, कोंबडीचा तुकडा शोधणारे जास्त. पण मडकं नीट बघितलं तर ते एखाद्या उत्खननाच्या खड्ड्यासारखं आहे. थर वेगवेगळ्या काळांतले आहेत. वाल हा सगळ्यात जुना. दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन स्थळांवर त्याचे दाणे सापडले आहेत. कोनफळाचं कुळही आशियातलंच. ओवा पश्चिमेकडून आलेला, पण तोही जुना. बटाटा, रताळं आणि कोंबडीच्या मसाल्यातली मिरची ही सगळी अमेरिका खंडातली, म्हणजे पोर्तुगीज १४९८ मध्ये आले त्यानंतरची. कोंबडी इथलीच, पण गावठी कोंबडी घरात सणाला कापायची वस्तू होती. आठवड्याला चार मडकी भरतील इतकी कोंबडी स्वस्त झाली ती ब्रॉयलरमुळे, आणि ब्रॉयलरचा धंदा आपल्याकडे १९७० नंतर वाढला. तेव्हा कोंबडी हा सगळ्यात वरचा, सगळ्यात नवा थर. शेंग कडेला सरकली ती गेल्या पन्नास वर्षांत असावी, असा माझा अंदाज. अंदाज आहे, सिद्धान्त नाही. तुम्हाला एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय हवा असेल तर हा फुकट घ्या.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा चांगली जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० चं. पण पाकपुस्तक हे स्वयंपाकघराचं साहित्य आहे. चूल, ओटा, डबे, मापं, आणि ते वाचू शकणारी गृहिणी, हे सगळं त्यात गृहीत धरलेलं. पोपटी शेतात होते, रात्री होते, बहुतेक ठिकाणी पुरुष आणि पोरं लावतात, आणि मोजमाप म्हणजे 'मडकं भरेल इतकं'. अर्जुन अप्पादुराई यांचा १९८८ चा पाकपुस्तकांवरचा निबंध तुम्ही वाचला असेल (नसेल तर नेटच्या अभ्यासाच्या आधी वाचा). राष्ट्रीय खाद्यसंस्कृती पाकपुस्तकांतून कशी घडली हे तो सांगतो. पण जे पदार्थ ओट्यावर चढलेच नाहीत त्यांचं काय, हा त्याच्या पुढचा प्रश्न आहे आणि तो आपल्याला सोडवायचाय.

मग कागद शोधायचे कुठे? पदार्थाच्या नावाने शोधाल तर काही हाती लागत नाही. मी एक सोपी युक्ती वापरतो : कृतीतल्या प्रत्येक वस्तूच्या बाजूला, ती सरकारच्या कोणत्या खात्याच्या नजरेखाली होती ते लिहायचं. वाल, शेत : महसूल खातं. भांबुर्डी : कोणीच नाही, ते तण. जाडं मीठ : मीठ खातं. काटक्या, पाला : जंगल खातं. एवढं लिहिलं की पोपटी एकदम पुराभिलेखागारात शिरते. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे, आणि तिथे 'पोपटी' नावाची फाईल मागितलीत तर कर्मचारी तुमच्याकडे बघत राहतील. मीठ आणि जंगल मागा. गठ्ठे येतील.

गॅझेटियर उघडताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. चिरनेर आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात. रायगडचं आधीचं नाव कुलाबा, ते १९८१ मध्ये बदललं. म्हणून विद्यार्थी धावत जाऊन जुनं कुलाबा गॅझेटियर काढतो, ते १८८३ चं, आणि त्यात पनवेल-उरण धुंडाळत बसतो. पण पनवेल आणि त्याच्याबरोबरचा उरणचा भाग ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यात आला तोच मुळी १८८३ मध्ये. त्यामुळे या भागाचं वर्णन १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये शोधावं लागतं. मिठागरं, उरणच्या मोहाच्या दारूच्या भट्ट्या, भातशेती, सगळं तिकडे. जिल्ह्याच्या हद्दी बदलतात, ग्रंथालयातलं कपाट बदलत नाही. आणि आणखी एक : चिरनेर आणि चिर्ले ही दोन वेगळी गावं आहेत. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला शिवडीचा सागरी सेतू उतरतो तो चिर्ल्याला. वर्तमानपत्रांची कात्रणं जमवताना ही दोन नावं एकमेकांत मिसळू देऊ नका.

आता मीठ. उरण-पनवेलच्या खाड्यांच्या काठाने मिठागरं होती, काही अजून आहेत. ज्याच्या दारात समुद्राचं पाणी सुकून मीठ होतं त्यालाही ते उचलायची मुभा नव्हती. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने मीठ तयार करणं, साठवणं, नेणं हे सगळं परवान्याखाली होतं आणि त्यावर कर होता. पोपटीच्या मडक्यात मूठभर टाकलं जाणारं जाडं मीठ कागदोपत्री करपात्र माल होता.

लाकडाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि मला जास्त महत्त्वाचीही वाटते. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलं आखली जाऊ लागली, त्याचा फटका ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोठा बसला. कारण कोकणातली भातशेती राबावर उभी होती. राब म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर झाडांचे टहाळ, पाला, गवत, शेण पसरून पावसाआधी जाळायचं. मग त्या राखेच्या जमिनीत बी पेरायचं. शेतकऱ्याचं म्हणणं, राबाशिवाय रोप धरत नाही. जंगल खात्याचं म्हणणं, राबामुळे झाडं बोडकी होतात. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारने मुंबई इलाख्याचं जंगल कमिशन नेमलं, त्याचा अहवाल १८८७ चा. हा अहवाल आणि रिचर्ड टकर यांचा ठाणे जिल्ह्याच्या जंगल व्यवस्थापनावरचा १९७९ चा लेख जोडीने वाचा. एकात साक्षी, दुसऱ्यात त्यांचा अर्थ.

पोपटीचा या सगळ्याशी संबंध काय? राब आणि पोपटी यांचं जळण एकच. सुकलेला पाला, काटक्या, गवत, शेण. शेतकऱ्याच्या हिशेबात ही जळणाची एकच शिल्लक आहे, जी घरची चूल, राब, कुंभाराची भट्टी आणि कधीतरी मौजेचं मडकं यांत वाटली जाते. जंगलाचं कुंपण घट्ट झालं की ही शिल्लक आटते. मग चुलीसाठी मोळी आणणाऱ्या बाईला आधी रखवालदार भेटतो. पोपटीसारखा पदार्थ, ज्यात एका मडक्यासाठी भाराभर जळण पेटवून देतात, तो अशा काळात चैनीचा ठरला की उलट गोवरी-पेंढ्यावर सरकला? पेंढा हा स्वतःच्या शेतातला, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आजची पोपटी पेंढ्यावर इतकी का अवलंबून आहे, याचं एक उत्तर जंगल कायद्यात असू शकतं. हे गृहीतक आहे. तपासायचं तर पेंढा गुरांना घालायचा की जाळायचा याचा त्या-त्या गावचा हिशेब काढावा लागेल.

आता १९३०. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. पण पाऊस सुरू झाला की मीठ पिकत नाही, सत्याग्रह करायचा तर दुसरा कायदा शोधायला हवा. महाराष्ट्रात तो जंगलाचा कायदा ठरला. १० जुलैला बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रहाची सुरुवात केली आणि पावसाळ्यात ही चळवळ ठिकठिकाणी पसरली. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांतले लोक, म्हणजे कोप्रोली, खोपटे, दिघोडे, पाणदिवे, मोठी जुई, धाकटी जुई इथले आगरी, कोळी, कातकरी आणि इतरही, विळे-कोयते घेऊन अक्कादेवीच्या माळाकडे निघाले. उरण तेव्हा पनवेल तालुक्यातला महाल होता. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत चिरनेरचे दोघे : धाकू गवत्या फोफेरकर आणि नाग्या महादू कातकरी. पनवेलचे मामलेदार जोशी आणि काही सरकारी माणसंही त्या दिवशी मारली गेली. पुढे गावकऱ्यांवर ठाण्याच्या सत्र न्यायालयात खटला चालला.

इथे थोडं सावध राहायला हवं. चिरनेरचा सत्याग्रह पोपटीसाठी झाला असं मी म्हणत नाही आणि तुम्हीही परीक्षेत लिहू नका. सप्टेंबरात वाल पेरलेलाही नसतो. माझा मुद्दा एवढाच आहे की १९३० मध्ये जे दोन कायदे लोकांनी हातांनी मोडले, त्या दोन्ही कायद्यांच्या वस्तू या एका पदार्थात समोरासमोर येतात. मडक्याच्या आत मीठ, मडक्याबाहेर लाकूड. पदार्थाला राजकारण 'चिकटवण्याची' गरज नाही, ते जिन्नसांच्या यादीतच आहे.

आणि दोन्ही जिन्नसांचं पुढे काय झालं ते बघा. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मिठाला सवलत मिळाली. मिठाच्या जागेजवळच्या गावांतल्या लोकांनी घरच्या वापरापुरतं आणि गावातल्या गावात विकण्यापुरतं मीठ गोळा करायला हरकत नाही, असं ठरलं. जंगलाबद्दल अशी सवलत नव्हती. करारातली कैद्यांची सुटका ज्यांच्यावर हिंसेचे आरोप होते त्यांना लागू नव्हती, म्हणजे चिरनेरसारख्या खटल्यातले आरोपी बाहेरच राहिले. मिठाची गोष्ट शाळेच्या पुस्तकात मोठ्या अक्षरांत गेली, लाकडाची तळटीप झाली. आपण लहानपणी दांडी किती वेळा लिहिली आणि चिरनेर किती वेळा, हे आठवून बघा.

लाकडाच्या गोष्टीत आणखी एक माणूस सारखा कडेला जातो, तो म्हणजे कातकरी. जमातीचं नावच खैराच्या लाकडापासून काढायच्या कातावरून आलेलं. खैर राखीव झाला, कात पाडणं बंद पडत गेलं, आणि पुढच्या काळात रायगड-ठाण्यातली कितीतरी कातकरी कुटुंबं कोळशाच्या भट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर मजुरीला गेली. पावसाळ्याआधी घेतलेली उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर घर सोडायचं आणि भट्टीवर झोपडी टाकायची, हे चक्र अनेक अभ्यासकांनी नोंदवलंय. कोळसा पाडणं म्हणजे लाकडं रचून, मातीने लिंपून, हवा तोडून ती दिवसचे दिवस धुमसत ठेवणं. रात्री उठून चीर पडली का बघायचं, पडली तर माती थापायची. तंत्राच्या अंगाने बघितलं तर ही पोपटीची थोरली बहीण : बंद तोंड, बाहेर जाळ, आत मंद धग. फरक इतकाच की या मडक्यातून निघणारं दुसऱ्याच्या घरी जातं. अलिबाग-कर्जतच्या फार्महाउसवर शनिवारी रात्री बार्बेक्यू लागतो तेव्हा त्यातला कोळसा कुठून आला हे कोणी विचारत नाही. अमेरिकेत जेम्स हेमिंग्जचं नाव शोधायला दोनशे वर्षं लागली. आपल्याकडे नाग्या कातकरीचं नाव निदान स्मारकावर आहे, दरवर्षी २५ सप्टेंबरला मानवंदना दिली जाते. पण कोळसा पाडणाऱ्या कातकऱ्याचं नाव कुठल्याही खाद्य-इतिहासात नाही. हुतात्मा म्हणून लक्षात ठेवणं आणि कामगार म्हणून लक्षात ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आपल्याला जमलेली नाही.

शेजारी थोडं डोकावू. दक्षिण गुजरातेत वलसाडच्या बाजूला 'उंबाडियुं' होतं. मडकं, पापडी, कंद, सुवासिक पाला, उलटं ठेवून भोवती जाळ. पोपटीच म्हणा, फक्त बहुतेक ठिकाणी शाकाहारी आणि महामार्गाच्या कडेला विकायला ठेवलेली. रायगडपासून वलसाडपर्यंतची ही किनारपट्टी एक पट्टा म्हणून अभ्यासली तर भाषेची सीमा आणि पदार्थाची सीमा जुळत नाही हे लगेच दिसेल. घाटावरचा हुरडा मात्र वेगळा. तिथे कणीस थेट निखाऱ्यावर, मडकंच नाही. हुरड्याशी तुलना सगळे करतात कारण दोन्ही 'पार्ट्या' आहेत, पण ती तुलना मला वरवरची वाटते.

शेवटचा थर आजचा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी पनवेल-उरण पट्ट्यातल्या जमिनी संपादित होऊ लागल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं शेतकऱ्यांचं आंदोलन आणि गोळीबार, पाच हुतात्मे. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. मग कंटेनरचे गोदाम-यार्ड, भराव, रस्ते. भाताचं शेत भरावाखाली गेलं की त्यावर वाल होत नाही, कारण वालाला भाताने सोडलेली ओल लागते. बांध गेला की भांबुर्डी जाते. आता या भागात पोपटीच्या दिवसांत भांबुर्डी शोधत मोटरसायकलवर दोन-दोन गावं पालथी घालावी लागतात, आणि त्याच वेळी पोपटीची प्रसिद्धी मात्र वाढते आहे. रिसॉर्टच्या जाहिराती, रात्रीची पोपटी कविसंमेलनं, मुंबईहून येणाऱ्या गाड्या. शेत आटतंय आणि पदार्थ फुगतोय. 'परंपरा टिकली' असं म्हणून बातमी संपवता येते. संशोधकाला तिथे थांबता येत नाही. शेंगा कुठून येतात, मडकं कोण घडवतं, जळणाचे पैसे कोण देतं, हे विचारावं लागतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तारासारखे सामूहिक हक्क मान्य केले आहेत, म्हणजे जळणाचा प्रश्न आता कागदावर तरी गुन्ह्याचा नसून हक्काचा आहे. चिरनेरच्या आसपासच्या कातकरी वाड्यांवर या हक्कांचे दावे कुठपर्यंत आले, हा एक स्वतंत्र आणि तातडीचा विषय आहे. त्यासाठी पुराभिलेखागारात जायची गरज नाही, ग्रामपंचायत आणि प्रांत कार्यालय पुरेल.

फील्डवर्कबद्दल एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. चिरनेरला सप्टेंबरात गेलात तर लोक हुतात्म्यांबद्दल बोलतात, स्मारकाबद्दल बोलतात, भाषणातली वाक्यं ऐकायला मिळतात. जानेवारीत गेलात तर पोपटीबद्दल बोलतात. दोन्ही वेळा माणसं तीच असतात, पण आठवणी वेगळ्या कप्प्यांतून निघतात. मुलाखतीची यादी करताना 'तुमच्या आजोबांनी सत्याग्रहात भाग घेतला होता का' हा प्रश्न जानेवारीत, जाळापाशी विचारा. आणि 'घरात जळण कोण आणायचं, कुठून आणायचं, रखवालदार अडवायचा का' हा प्रश्न सप्टेंबरात, स्मारकापाशी. हा दुसरा प्रश्न बायकांना वेगळा, पुरुषांना वेगळा विचारा. मोळी बहुतेक घरांत बायकांनीच आणली आहे, पण उत्तर द्यायला पुरुष आधी पुढे येतात. रेकॉर्डर मडक्यापासून लांब ठेवा, पेंढा जळताना एवढा कडकडतो की नंतर काही ऐकू येत नाही.